वाटीवरची निळी पट्टी

टोकियो ऑलिंपिकमधली बजरंग पुनियाची ब्राँझवाली कुस्ती आठवते का? ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. त्याआधी जूनमध्ये रशियातल्या एका स्पर्धेत त्याचा गुडघा दुखावला होता. टोकियोत सुरुवातीच्या कुस्त्या तो गुडघ्याला जाडजूड पट्ट्या गुंडाळून खेळला. खेळ काही त्याचा नेहमीचा वाटत नव्हता. उपांत्य फेरीत हरला. मग ब्राँझच्या कुस्तीला गडी आला तो चक्क पट्टी काढून. फिजिओ आणि कोच नको म्हणत होते. त्याचं नंतरचं म्हणणं असं की पट्टीमुळे पाय कुणीतरी बांधून ठेवल्यासारखा वाटत होता. समोर कझाकस्तानचा दौलेत नियाझबेकोव. निकाल ८-०!

त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकला आणि सोनं आलं, त्यामुळे बजरंगच्या गुडघ्यावर कुणी फार बोललं नाही. माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं. पट्टी काढल्यावर माणूस जास्त चांगला खेळत असेल, तर ती लावतात कशाला? आणि लावल्यावर बरं वाटतं असं हजारो खेळाडू म्हणतात, ते सगळे खोटं बोलतात का?

हा प्रश्न मला पुन्हा पडला तो माळेगावला. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, खंडोबाची यात्रा भरते ते माळेगाव. बाहेरच्यांना तिथले घोडे, उंट, गाढवांचा बाजार आणि लावणी माहीत असते. आमच्या घरात यात्रा म्हणजे कुस्त्या. फडाच्या कडेला बसून बघताना लक्षात आलं, की मातीत उतरणाऱ्या बऱ्याच पोरांच्या गुडघ्यावर निळ्या, गुलाबी, काळ्या पट्ट्या आहेत. वाटीच्या दोन्ही बाजूंनी कंस काढावा तशा दोन, आणि खालून एक आडवी. अगदी हीच नक्षी मी हिंजवडीत आमच्या ऑफिसच्या मॅरेथॉनवाल्या मंडळींच्या गुडघ्यावर बघितलेली. एका पोराला विचारलं, कुणी लावून दिली? तर म्हणाला, "मीच लावलो की. मोबाईलवर बघून. लावली की दुखत नाही बगा."

हे एवढं वाक्य डिबग करायला माझे तीन वीकेंड गेले. :)

आधी गुडघ्याबद्दल दोन शब्द, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गुडघ्यावर जी गोल हाडाची चकती हाताला लागते तिला आपण वाटी म्हणतो. पाय दुमडताना-सरळ करताना ही वाटी मांडीच्या हाडाच्या टोकाला असलेल्या खाचेतून वरखाली सरकते, रुळावरून डबा जावा तशी. खोल बैठक मारली की वाटी त्या खाचेवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाबली जाते. जिने उतरताना, बराच वेळ मांडी घालून उठताना, धावताना गुडघ्याच्या पुढच्या भागात जे ठणकतं ते बहुतेक वेळा या वाटीभोवतीचं दुखणं असतं. यात काही तुटलेलं नसतं. दुसरा प्रकार म्हणजे आतली दोरी तुटणं (एसीएल नावाचं लिगामेंट) किंवा आतली गादी फाटणं. पहिलं दुखणं चिवट, पण बरं होणारं. दुसरं करिअर खाऊ शकतं. पट्टीचा सगळा इतिहास या दोन दुखण्यांच्या मधल्या पातळ रेषेवर चालतो, आणि गडबड होते तीही तिथेच.

आता आपल्याकडे पट्टीआधी काय होतं? भरपूर होतं. तालमीत गुडघा सुजला की आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून गरम लेप. रुईचं किंवा एरंडाचं पान तेल लावून तव्यावर शेकायचं आणि गुडघ्याला बांधायचं, वरून जुन्या धोतराची पट्टी. निर्गुडीच्या पाल्याचा शेक. मराठवाड्यात याच्या पुढची पायरी म्हणजे बिब्बा! बिब्ब्याचं तेल दुखऱ्या जागी लावायचं, कातडी भाजून निघते, फोड येतात आणि त्या आगीपुढे मूळ दुखणं जाणवेनासं होतं. माझ्या आजोबांच्या गुडघ्यावर असे दोन काळे डाग होते. ऐकायला हे रानटी वाटतं, पण ते लक्षात ठेवा. पुढे १९६५ साली दोन शास्त्रज्ञ येणार आहेत, आणि आजोबांचा बिब्बा निदान विचारात घेण्यासारखा ठरणार आहे.

तालमीत अजून एक गोष्ट होती जिच्याकडे औषध म्हणून कुणी बघत नसे. जोर आणि बैठका. मांडीचा पुढचा स्नायू म्हणजे वाटीचा लगाम. तो बळकट असला की वाटी रुळावर राहते. हे तालमीला न सांगताच माहीत होतं. फक्त किती मारायच्या याला धरबंध नव्हता. शंभरावरून हजारावर जाणं हा पुरुषार्थ. एकाच कोडमध्ये फीचर आणि बग दोन्ही असतात, तसंच हे.

लातूरचं नाव इथे आलंच पाहिजे. १९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरला झाली आणि ती जिंकली ती लातूर जिल्ह्यातल्याच पैलवानानं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. (महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धाही मराठवाड्यातच, १९६१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला झाली होती. कुस्ती म्हणजे कोल्हापूर असं समजणाऱ्या माझ्या मित्रांनी नोंद घ्यावी.) पुढच्याच वर्षी, १९७० साली, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सोनं आणलं. पुढे ते पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. लातूरचेच काका पवार, बीडमधल्या पाटोद्याचा राहुल आवारे ही त्यांची शिष्यमंडळी. २०११ मध्ये मामा गेले. राहुलने २०१८ चं राष्ट्रकुलचं सोनं त्यांना अर्पण केलं.

बिराजदारांच्या पिढीकडे गुडघ्यासाठी काय होतं? तेल, लेप, क्रेप बँडेज आणि फार झालं तर एक्स-रे. आणि एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, गादीही दिसत नाही. म्हणजे गुडघ्यात नेमकं काय बिघडलंय हे कळायची सोयच नव्हती. पैलवानाला दोनच अवस्था माहीत होत्या: खेळता येतंय, किंवा येत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गोळेश्वरचा पोरगा, गावकऱ्यांची वर्गणी, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून दिलेले पैसे, परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक. त्यानंतरचं कुणी फारसं सांगत नाही. खाशाबांना १९५६ च्या मेलबर्नला जायचं होतं. गुडघ्याच्या दुखापतीनं ते राहिलं. लंडनला सहावा, हेलसिंकीला तिसरा, आणि मग गुडघा. आलेख कुठे चालला होता ते बघा! मला राहून राहून वाटतं, की आपण खाशाबांना पेन्शन आणि पुरस्कार उशिरा दिले याची हळहळ करतो (अर्जुन पुरस्कार तर ते गेल्यावर मिळाला), पण त्यांना एक धड गुडघ्याचा डॉक्टर मिळाला असता का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि योगायोग बघा. हेलसिंकीत खाशाबांच्या गटात सोनं जिंकलं जपानच्या शोहाची इशीने, खाशाबांना हरवूनच. त्याच काळात टोकियोत मासाकी वातानाबे नावाचे एक डॉक्टर गुडघ्यात बारीक नळी घालून आत बघायचं यंत्र बनवत होते. त्यांचं २१ व्या क्रमांकाचं मॉडेल १९५० च्या दशकाच्या शेवटी तयार झालं (एकविसावं व्हर्जन! आधीची वीस कुठे गेली असतील ते आपल्याला वेगळं सांगायला नको) आणि १९६२ मध्ये त्यांनी त्या दुर्बिणीतून फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. मेलबर्न होऊन सहा वर्षं झाली होती.

असो. आता पट्टी.

चिकटपट्टीचा औषधी वापर जुना आहे. आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यात असते ती पांढरी ल्युकोप्लास्ट हॅम्बर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीनं १९०१ मध्ये काढली. (हीच कंपनी पुढे १९११ मध्ये निव्हिया क्रीम घेऊन आली. म्हणजे एकाच कारखान्यातून कातडीला चिकटणारं आणि कातडी मऊ करणारं असं दोन्ही.) खेळाडूंचे घोटे, बोटं, मनगटं या ताठ पट्टीनं बांधायची पद्धत त्यानंतर सगळीकडे पसरली. कल्पना साधी: सांधा हलू द्यायचा नाही.

गुडघ्याच्या वाटीसाठी या ताठ पट्टीचा वेगळा उपयोग शोधला सिडनीच्या फिजिओथेरपिस्ट जेनी मॅककॉनेल यांनी. १९८० च्या दशकाच्या मध्यात. त्यांचा तर्क असा: वाटी बाहेरच्या बाजूला सरकते म्हणून दुखते, तर ती पट्टीनं आत ओढून ठेवू. दुखणं कमी झालं की रुग्ण मांडीचे व्यायाम करू शकेल, स्नायू बळकट झाला की पट्टीची गरज संपेल. त्यांचा १९८६ चा लेख ऑस्ट्रेलियाच्या फिजिओथेरपीच्या नियतकालिकात आला आणि जगभर फिजिओ मंडळी खाली मऊ पांढरी आणि वर ताठ तपकिरी अशी दुहेरी पट्टी लावायला लागली. रुग्णांना बरंही वाटायला लागलं. पट्टी लावली की जिना उतरताना होणारं दुखणं तिथल्या तिथे कमी.

गंमत नंतर झाली. लोकांनी एमआरआय काढून बघितलं. २००४ च्या एका अभ्यासात दिसलं, की पट्टी लावल्यावर वाटी आत सरकते खरी, पण थोडा व्यायाम केला की तो फरक नाहीसा होतो. दुखणं कमी झालेलं ते झालेलंच! म्हणजे ज्या कारणासाठी पट्टी चालते असं वाटत होतं, त्या कारणानं ती चालत नव्हती. सॉफ्टवेअरवाल्यांना हा अनुभव नवा नाही. एक ओळ बदलली, बग गेला, रिलीज झालं, आणि सहा महिन्यांनी कळलं की त्या ओळीचा बगशी संबंधच नव्हता.

माळेगावच्या पोराच्या गुडघ्यावरची निळी पट्टी ही मात्र मॅककॉनेलबाईंची नव्हे. ती जपानची. केन्झो कासे हे कायरोप्रॅक्टर, म्हणजे सांधे-मणके हातानं बसवणारे. आपल्या हाडवैद्याचे पदवीधर चुलतभाऊ म्हणा. १९७० च्या दशकात त्यांना असं दिसायचं, की दवाखान्यात रुग्णाला बरं वाटतं आणि घरी गेला की पुन्हा दुखतं. ताठ पट्टीनं हालचाल अडते, कातडी काचते. मग त्यांनी कातडीसारखी जाड आणि कातडीसारखी ताणणारी सुती पट्टी केली, मागे लाटांच्या नक्षीत डिंक. ती लांबीला ताणते, रुंदीला नाही. तीन-चार दिवस अंगावर राहते, आंघोळ केली तरी चालते. त्यांचा तर्क असा की पट्टी कातडी किंचित उचलून धरते, खाली जागा होते, रक्त आणि लसिका नीट वाहतात, सूज उतरते, दुखणं कमी होतं.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या सुमारास जपानी व्हॉलीबॉल खेळाडूंमुळे तिचं नाव झालं. पण खरा स्फोट २००८ ला, बीजिंगमध्ये. कंपनीनं ५८ देशांच्या पथकांना पट्ट्या फुकट वाटल्या. अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श खांद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी काळी पट्टी लावून टीव्हीवर दिसली आणि सुवर्णपदक घेऊन गेली. जाहिरात करायची गरजच उरली नाही. काही वर्षांत अनेक कंपन्या तीच वस्तू विकायला लागल्या आणि रोल आपल्या मेडिकलवाल्याच्या काउंटरवर येऊन बसला.

मग ती चालते का? २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास चाळून सांगितलं, की दुखापतीसाठी ही पट्टी इतर पट्ट्यांपेक्षा सरस आहे असा चांगल्या दर्जाचा पुरावा फार थोडा आहे. २०१४ मध्ये ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या एका गटानं पुन्हा गोळाबेरीज केली. त्यात बऱ्याच ठिकाणी खोटी पट्टी लावून तुलना केलेली होती, म्हणजे तीच पट्टी, पण न ताणता, कशीही चिकटवलेली. खऱ्या आणि खोट्या पट्टीत फरक एक तर नाहीच, किंवा असला तर इतका लहान की रुग्णाला जाणवू नये. मॅककॉनेल पद्धतीवर २०१२ मध्येच कॉक्रेनचा आढावा आला. त्यांच्या हाती लागले पाचच छोटे प्रयोग. निष्कर्ष: होय म्हणायला पुरावा नाही, नाही म्हणायलाही नाही.

इथे बरेच लोक हात झटकतात: प्लासिबो आहे सगळं. मला हे पुरेसं वाटत नाही. आता ते १९६५ चे दोघे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल. त्यांनी मांडलं, की दुखण्याचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात एक दार लागतं. त्याच दारातून स्पर्शाचे, दाबाचे संदेशही जात असतात. ते वाढले की दुखण्याचं दार अरुंद होतं. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो, ते हेच. कातडी सतत किंचित ओढणारी पट्टी, रुईचं बांधलेलं पान, घट्ट धोतराची पट्टी या सगळ्यांच्या मागे हे असू शकतं. (बिब्बा जरा वेगळा. तिथे मोठं दुखणं लहान दुखण्याला गप्प करतं. त्याचीही व्यवस्था मेंदूकडे आहे. तरी कृपया कुणी घरी करून बघू नका!) शिवाय भीती कमी होते. गुडघ्याला काहीतरी धरून आहे असं वाटलं की माणूस पाय मोकळा टाकतो. त्या पोराला लावल्यावर खरंच दुखत नव्हतं. फक्त त्याच्या गुडघ्यात त्यामुळे काही दुरुस्त होत नव्हतं.

आणि मला काळजी वाटते ती इथेच.

यात्रेतल्या कुस्त्यांचं गणित बघा. लहान पोरांच्या नारळावरच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या सोडल्या तर वर प्रत्येक कुस्तीला इनाम असतं. हंगाम म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत. माळेगाव झालं की इतर यात्रा, महाशिवरात्रीला लातूरची सिद्धेश्वर यात्रा, मग चैत्रातल्या गावोगावच्या जत्रा. दूध, तूप, बदामाचा खुराक याच पैशातून चालतो, नाहीतर बापानं सोयाबीन विकून आलेल्या पैशातून. अशा पोराला सहा आठवडे मातीत उतरू नको म्हणणं म्हणजे आपल्याला अप्रेझलच्या तोंडावर बिनपगारी सुट्टी घे म्हणण्यासारखं. तो पट्टी लावणार. मीही लावली असती.

त्यात आता माती आणि मॅट दोन्ही. मातीत पाय फिरला तर खालची माती सुटते, पाय थोडा निसटतो. मॅटवर बूट घट्ट धरतो. पट काढताना समोरच्यानं पाय धरलाय, आपण अंग फिरवतोय, आणि तळवा जागचा हलत नाही, मग पीळ जायचा कुठे? गुडघ्यात. जुने वस्ताद मॅटला नावं ठेवतात त्यातली अर्धी तक्रार जुन्या जमान्याच्या प्रेमापोटी असेल, पण ही अर्धी मला पटते. पण मॅटशिवाय ऑलिंपिक नाही, हेही खरंच.

दुखणं वाटीभोवतीचं असेल तर पट्टी लावून हंगाम काढला तरी फार बिघडत नाही. पण आत एसीएल अर्धवट फाटलेली असेल आणि गुडघा अधूनमधून 'निसटत' असेल, तर पट्टीमुळे फक्त सूचना बंद होते. लॉगिंग ऑफ केल्यावर सर्व्हर सुरळीत चाललाय असं वाटतं तसं. तुटलेल्या एसीएलला काय लागतं ते आपल्या अविनाश साबळेकडे बघून कळतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा गडी, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुलला ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सोनं. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. एसीएल आणि गादी, दोन्ही. मुंबईत ऑपरेशन आणि मग महिनोन्महिने व्यायाम. त्याच्यामागे सैन्य होतं, फेडरेशन होतं, डॉक्टर होते. माळेगावच्या पोरामागे यूट्यूब आहे.

तसं बघितलं तर फिजिओथेरपी हेच आपल्याकडे तरुण शास्त्र. मुंबईत केईएममध्ये १९५३ साली तिचं शिक्षण सुरू झालं, तेही पोलिओच्या साथीमुळे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. फिजिओथेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना १९५५ ची. खाशाबांच्या गुडघ्याला मदत करू शकेल असा धंदा त्यांचा गुडघा जायच्या वेळी देशात नुकता जन्मत होता. मराठवाड्यात तो यायला अजून किती काळ लागला असेल विचार करा. आज लातुरात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, नांदेडला स्टेशन रोडवर सुद्धा पाट्या दिसतात. पण तालमीचा पोरगा तिथे जात नाही. फिजिओ म्हणजे आजी-आजोबांच्या गुडघ्याचा आणि लकव्याचा डॉक्टर, अशीच समजूत.

माझा एक शाळेतला मित्र लातूरला फिजिओ आहे. हे सगळं वाचून झाल्यावर त्याला फोन केला. (मी इंजिनियर. मला गूगल करून आलेलं ज्ञान नेहमी कुणीतरी तपासायला लागतं.) पहिला प्रश्न त्याचा, "काय करूलालास, गुडघा तुझा दुखतो का दुसऱ्याचा?" दुसऱ्याचा म्हटल्यावर मोकळेपणानं बोलला. त्याच्याकडे येणारे पैलवान आणि पोलीस भरतीची धावणारी पोरं बहुतेक वेळा पट्टी लावूनच येतात. तो आधी ती काढायला लावतो. मग एका पायावर बसायला सांगतो, पायरी उतरायला सांगतो, गुडघा हातात धरून पुढे-मागे हलवून बघतो. जो गुडघा सुजलाय, अडकतो किंवा निसटतो, त्याला पट्टी नाही. थेट हाडाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी. उरलेल्यांना तो स्वतः पट्टी लावून देतो.

"अरे, मग तुझा विश्वास आहे का नाही?" मी विचारलं.

"पट्टीवर नाही," म्हणाला, "पण पट्टी लावली की पोरगा महिनाभर व्यायाम करतो. नुसता कागद दिला की करत नाही."

हे त्याचं म्हणणं वाऱ्यावरचं नाही. अमेरिकेच्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये वाटीच्या दुखण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात जवळपास हेच आहे: कमरेच्या आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हा मुख्य उपचार, आणि सुरुवातीचे चारेक आठवडे त्याच्या जोडीला, रुग्णाप्रमाणे बेतून, वाटीला पट्टी लावायला हरकत नाही. नुसत्या पट्टीवर लांबचा फायदा दिसत नाही. मॅककॉनेलबाईंचा वाटी ओढण्याचा तर्क गेला, पण पट्टी लावून व्यायाम करून घ्यायचा हा त्यांचा मूळ बेत चाळीस वर्षांनी शाबूत आहे.

मग तो व्यायाम काय देतो म्हणून विचारलं. हसला. पैलवानाला बैठक शिकवायची म्हणजे... त्याची मुख्य मारामारी आकड्याशी असते. पाचशे बैठका मारणाऱ्याला तो साठवर आणतो, त्याही अर्ध्याच खोल, हळू, आणि जोडीला कुशीवर झोपून पाय वर उचलायचा व्यायाम. यात पोराची इज्जत जाते. तालमीत दुसऱ्यांसमोर साठ बैठकांवर थांबायचं, आणि कुशीवर झोपून पाय वर करायचे! म्हणून तो वस्तादालाच फोन लावतो. वस्तादानं सांगितलं की पोरगं करतं. नाही सांगितलं तर पाचव्या दिवशी पुन्हा पाचशे.

पट्टी लावायच्या त्याच्या काही युक्त्या, कुणाला उपयोग होईल म्हणून. गुडघ्यावरचे केस काढायचे, आणि तेलमालिशच्या दिवशी पट्टी लावायची नाही, कारण तेलकट कातडीवर ती टिकत नाही. स्पिरिटनं पुसून, वाळवून मग लावायची. कात्रीनं टोकं गोल कापायची, म्हणजे पँटला अडकून सुटत नाहीत. दोन्ही टोकं अजिबात न ताणता चिकटवायची, नाहीतर फोड येतात. लावल्यावर हातानं चोळायची, ऊब लागली की डिंक धरतो. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसवर गेला की घामानं एका दिवसात निघते, तेव्हा पैसे घालवू नका म्हणतो. खाज सुटली की लगेच काढायची.

आणि रंग? पैलवान त्याच्याकडे काळी मागतात, भरतीवाली पोरं निळी. एकानं गुलाबी लावून घ्यायला साफ नकार दिला. डिंक सगळ्यांचा एकच असतो, पण हल्ली तो गुलाबी रोल मागवतच नाही.